उंबरा नसलेलं घर

३ जानेवारी १९८८, रविवार

कंपनीने ह्या वर्षी पॅकिंगच्या सुपरवायझरांनाही डायरी दिली. दर पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे, पण कागद चांगला. ह्यांनी पत्रात लिहिलंय, "घराचं काम सुरू झालं की रोजचं टिपून ठेव. मी तिथे नाही, निदान आल्यावर वाचेन." म्हणून लिहितेय. रोज जमेल असं नाही.

बोरिवलीला गोराईत म्हाडाच्या योजनेत माझ्या नावावर प्लॉट लागला, चाळीस चौरस मीटरचा. मध्ये चौक आणि चौकाभोवती पस्तीस प्लॉट, घर ज्याचं त्याने बांधायचं. आज ताबा मिळाला. मी, मीरा आणि सासूबाई जाऊन बघून आलो. नुसती खारी जमीन, तिच्यात चार खुंट्या ठोकलेल्या. मीरा खुंट्यांच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "आई, हे आपलं?" घाटकोपरला भटवाडीत आमची एकच खोली आहे. तिच्यात ही नववीचा अभ्यास मोरीच्या कठड्यावर बसून करते.

सासूबाईंनी चिमूटभर माती पदराला बांधली.

हे असते तर! संप फसला, गिरणी सुटली आणि हे फिटर म्हणून दोह्याला गेले, त्याला आता पाच वर्षं होतील. दर गणपतीला यायचे. गेल्या गणपतीला मात्र तिकीट काढूनही आले नाहीत. साहेबाने सोडलं नाही म्हणे.

९ जानेवारी, शनिवार

ह्यांचं जाड पत्र आलं, आत घराचा नकाशा. पट्टीने आखलेला, प्रत्येक रेघेवर माप. मी बराच वेळ नुसतं बघत बसले. ह्यांचं अक्षर एवढं सुबक मी लग्नाच्या पत्रिकेवरच्या पत्त्यांनंतर पाहिलंच नव्हतं. एवढा वेळ कुठून मिळाला?

खाली दोन खोल्या, वर एक. वरच्या खोलीला जिना बाहेरून, आणि वर मोरी वेगळी. खाली सगळे दरवाजे साडेतीन फूट रुंद, "लोखंडी कपाट आत न्यायला बरं." पुढे पायऱ्या नाहीत, उतार. स्कूटर घेणार आहेत. संडास खुर्चीसारखा, दोन्ही भिंतींना लोखंडी पाइप. ओटा अडीच फूट उंचीचा आणि खालून मोकळा. विजेची बटणं कमरेला. आणि मोठ्या अक्षरात: घरात कुठेही उंबरा नको.

सासूबाईंना वाचून दाखवलं. उंबऱ्याचं ऐकून त्यांनी जपमाळ खाली ठेवली. "उंबरो नाय? अगो, गोठ्याकंय उंबरो आसता. लक्ष्मी खंयसून येतली ती?"

मी म्हटलं, तिकडे साहेबाच्या बंगल्यात तसं असतं, म्हणून ह्यांना आवडलं असेल.

"साहेबाच्या घराक काय करूचा आसा आपणाक?" त्या म्हणाल्या आणि परत माळ घेतली. पण माळ काही पुढे सरकली नाही.

१७ जानेवारी, रविवार

मधुकरभावोजींनी, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाने, मिस्त्री ठरवून दिला. धोंडिराम नाव, जालन्याकडचा, पन्नाशीचा. कमी बोलतो. भावोजी चेंबूरहून येऊन लक्ष ठेवणार आहेत.

धोंडिरामने नकाशा सिमेंटच्या पोत्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि बोटाने एकेक माप वाचलं. मग विचारलं, "घरात कुणी आजारी हाय का, बाई?"

"कोणी नाही. सासूबाई आहेत, पण त्या अजून टेकडी चढून खोलीवर येतात."

त्याने भावोजींकडे बघितलं. भावोजी लांब दुसऱ्या प्लॉटवरच्या खड्ड्यात वाकून काहीतरी बघत होते.

"बरं," म्हणून त्याने नकाशाची घडी केली. जशी होती तशी, घडीवर घडी.

३१ जानेवारी, रविवार

पाया जमिनीपर्यंत आला. खणताना एका कोपऱ्यात काळं पाणी लागलं, त्यात दगडगोटे भरले. आठवडाभर पॅकिंगमध्ये ओव्हरटाइम, म्हणून काही लिहिलं नाही.

८ फेब्रुवारी, सोमवार

दोह्याहून सुटीवर आलेल्या एकाने भावोजींकडे कॅसेट दिली होती, ती आज मिळाली. तिघी टेपरेकॉर्डरभोवती बसलो. हे नेहमी कॅम्पच्या गच्चीवर फिरता फिरता बोलतात, मागे वारा ऐकू येतो. ह्या वेळी वारा नव्हता. घराचंच बोलले. पाइप भिंतीत सहा इंच आत गेला पाहिजे, त्याने सगळं वजन घेतलं पाहिजे. मीराला म्हणाले, गणित सोडू नको. आईला म्हणाले, गुडघ्यांना तेल लाव.

मध्येच स्टीलचा ट्रे आपटल्यासारखा आवाज आला. मग एका बाईचा आवाज, अगदी जवळून. "नंदकुमार, चलो, टाइम हो गया." मद्रासी वळणाचं हिंदी, पण गोड. लगेच खट्. कॅसेट बंद.

सासूबाई म्हणाल्या, "झिलाचो आवाज बारीक कित्याक झालो गो?"

मीरा झोपल्यावर ती जागा मी पाच वेळा लावून ऐकली. "नंदकुमार." नुसतं नाव. साहेब नाही, भाई नाही.

१३ फेब्रुवारी, शनिवार

ही डायरी आता ह्यांना दाखवायची नाही, त्यामुळे स्पष्टच लिहिते.

गणपतीला आले नाहीत. ऑगस्टपासून एक फोटो नाही. मी मागितला तर जुनाच पाठवला. मी आणि मीरा वरच्या खोलीत, मोरी वेगळी, जिना बाहेरून. खाली हे. खुर्चीचा संडास मी कधी मागितला? माझी उंची पाच फूट चार इंच, अडीच फुटांच्या ओट्यावर वाकून माझी कंबर मोडेल. हे ठाऊक असलेला माणूस असा ओटा का सांगेल? तो माझ्यासाठी नाहीच. कोणीतरी बुटकी आहे, जिला तसल्या संडासाची सवय आहे.

सोळा वर्षं झाली लग्नाला. पण दुसरं काही सुचत नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज साइटवर सगळे आपापली जोती उंच करून घेत होते. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाले, उधाणाच्या भरतीला पाणी चौकापर्यंत येतं. मी धोंडिरामला सांगितलं, आपलंही अडीच फूट उचला.

"मग पाच पायऱ्या येतील, बाई. साहेबांनी उतार सांगितलाय. एवढ्या उंचीला उतार बसायचा न्हाई, जागाच न्हाई."

"मग पायऱ्या करा. आणि ओटा तीन फूट. आणि पुढच्या दाराला उंबरा, काळ्या दगडाचा."

"साहेबांना इचारलं?"

"साहेब तिकडे आहेत. राहायचं मला आहे."

तो थापी हातात धरून उभाच राहिला. मी रागाने म्हटलं, "ज्याला ह्या घरात यायचंय, त्याने उंबरा ओलांडून यावं."

बोलून बरं वाटलं. सासूबाई तर एवढ्या खूश झाल्या की दगडासाठी हळदकुंकवाची पुडी आजच काढून ठेवली.

२८ फेब्रुवारी, रविवार

पायऱ्या झाल्या. पहिल्या मजल्याच्या स्लॅबची तयारी चाललीय. भावोजी तीन आठवड्यांनी आले. हातात भज्यांचा पुडा होता. पायऱ्या बघितल्या आणि मटकन सिमेंटच्या गोणीवरच बसले.

"हे काय केलंत, वहिनी?"

"पाणी येतं म्हणून उचललं."

"दादाने सांगितलं तसंच करायचं होतं ना! एवढी चित्रं काढून दिली माणसाने."

"का? स्कूटरसाठी? स्कूटर खाली लावतील."

त्यांनी मान वर केली. डोळे लाल. मग घड्याळ बघून म्हणाले, मला जायला हवं. भज्यांचा पुडा तिथेच गोणीवर राहिला, तेल सुटून कागद पारदर्शक झाला होता.

म्हणजे भावोजींना माहीत आहे. ती कोण आहे तेही माहीत असणार.

६ मार्च, रविवार

ह्यांचं पत्र. "उताराबद्दल तू काहीच लिहीत नाहीस. ओटा किती ठेवलास? टेप लावून मोज आणि लिही." बोनस मिळाला म्हणून एकदम मोठा ड्राफ्ट पाठवलाय. पुढे लिहिलंय, "वरची खोली तुझी आणि मीराची. आई कुठेही झोपेल. खालचं मी बघून घेईन. तुम्हाला खाली यायची गरज पडणार नाही अशी सोय केली आहे."

मी उत्तर लिहिलं, सगळं तुम्ही सांगितलं तसंच चाललंय. सोळा वर्षांतलं पहिलं खोटं. ह्यांनी आधी सुरुवात केली.

२० मार्च, रविवार

कसं लिहू?

सकाळी साइटवर गेले. खालच्या खोल्यांना गिलावा झाला होता. संडासात ते दोन पाइप बघून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हे कापून टाका, धोंडिराम. मला नकोत."

तो म्हणाला, "बाकी तुम्ही सांगितलं ते केलं. पाइप मी कापणार न्हाई."

"का?"

"साहेबांना लागतील."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. नकाशानं सांगितलं." त्याने खिशातून विटकरीचा तुकडा काढला आणि ओल्या कोब्यावर न जाता दाराबाहेरच्या जमिनीवर एक मोठं वर्तुळ काढलं. "बाई, दोन्ही खोल्यांत मधी पाच-पाच फूट मोकळी जागा सोडलीय. का सोडलीय? चाकाची खुर्ची गर्रकन फिरायला पाच फूट लागतात. दार साडेतीन फूट, कारण खुर्चीवर हात बाहेर असतात. ओटा खालून मोकळा, कारण गुडघे... कारण खुर्ची आत जाती. भिवंडीला एका शेठच्या पोरासाठी असंच काम केलंय मी. मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय. पायऱ्या करा म्हणालात तवा मला वाटलं, नवराबायकोचं काई भांडण असंल. मी कोण मधी बोलणारा?"

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, काहीतरीच काय. मग त्या वर्तुळात उभी राहिले आणि मला कॅसेटमधला ट्रे ऐकू आला.

२२ मार्च, मंगळवार

रजा टाकून चेंबूरला भावोजींकडे गेले. दारातच विचारलं, "पाय आहेत की नाहीत?"

त्यांनी दाराची चौकट धरली. ऑगस्टच्या अठरा तारखेला. क्रेनवरून पाइपांचा गठ्ठा सुटला. उजवा मांडीपासून गेला, डावा गुडघ्याखालून. तिकीट पंचवीस तारखेचं होतं. भावोजींना महिनाभराने एका माणसाकडून चिठ्ठी आली. त्यात शपथ घातली होती, आईची. घर उभं राहीपर्यंत सुलक्षणाला, म्हणजे मला, सांगायचं नाही, ती काम थांबवील आणि पैसा औषधात घालवील.

"आणि ती बाई?"

"कोण बाई? नर्स असेल, वहिनी. सात महिने हॉस्पिटलात आहे तो. बोनस कसला, नुकसानभरपाई आहे ती."

परत येताना रडू आलं नाही. एक गोष्ट लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. क्षणभर वाटलं, बाई असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

२७ मार्च, रविवार

उंबरा काढला. ओटा फोडला. पायऱ्या तोडायला धोंडिरामने स्वतः पहिला घण घातला. पण जोतं काही खाली घेता येत नाही, वर स्लॅब पडलाय. तो म्हणाला, अडीच फुटांना सरळ उतार करायचा तर तीस फूट लागतील. आपल्या हद्दीत आठ आहेत. चौकातली जागा घेतली, भिंतीला लागून नेला आणि एक वळण दिलं तर कसाबसा बसेल.

चौक पस्तीस जणांचा आहे.

३ एप्रिल, रविवार

सोसायटीची सभा. चौकातच सतरंज्या टाकल्या होत्या. सासूबाई आणि मीरा मागे बायकांत बसल्या होत्या. त्यांना मी अजून काही सांगितलं नव्हतं. रोज ठरवत होते आणि रोज जीभ वळत नव्हती.

चंद्रप्रकाश म्हणाले, "वहिनी, एकाला चौकात जागा दिली की उद्या दुसरा बसायला ओटला बांधील. तुम्हाला उतार कशाला हवाय?"

मी भावोजींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मग मीच उठले. वाक्य ठरवून गेले होते, मोठं होतं. तोंडातून एवढंच आलं, "माझ्या नवऱ्याला पाय नाहीत."

मागून सासूबाईंचा आवाज आला, अगदी हळू, "कोणाच्या नवऱ्याक? काय म्हणता ती?" मीराने त्यांना धरलं. पोरीचा चेहरा मी विसरणार नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी तिला फसवलं असावं तशी. खरंच तर होतं ते.

जागा मिळाली. हात वर करायला सांगायचीही गरज पडली नाही.

घरी आल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. रात्री उशिरा एकच बोलल्या, "तो उंबरो माझ्यामुळे बसलो काय गो?" मी नाही म्हटलं.

१० एप्रिल, रविवार

भावोजींनी भाड्याने चाकाची खुर्ची आणली. मी पाय वर बांधून घेतले आणि खुर्चीवर बसून सगळं घर फिरले. बटणं बरोबर. नळ बरोबर. ओट्याखाली खुर्ची अशी जाते की बोटभर जागा उरत नाही. ह्यांनी पलंगावर पडून, नुसत्या अंदाजाने एवढं अचूक काढलं! चहा करून बघितला. कोणाचीही मदत लागली नाही.

एकच गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. खिडकी. खुर्चीत बसलं की फक्त आभाळ दिसतं. मी धोंडिरामला खिडकी दीड फूट खाली घ्यायला लावली. आता बसल्या बसल्या रस्ता दिसतो, सरळ जेट्टीपर्यंत, आणि त्यापलीकडे खाडी. ह्यांना करमेल.

उतारही झाला. धोंडिराम म्हणाला, "जागा कमी पडली, जरा खडा झालाय. उतरायला कुणी नको, खुर्ची आपोआप जाईल. चढताना मात्र मागून हात लागणार."

म्हटलं, हात आहेत घरात.

२४ एप्रिल, रविवार

वर पत्रे चढले. परवा सामान हलवलं. भटवाडीची खोली सोडताना काही वाटलं नाही, एवढी घाई होती.

ह्यांना अजून लिहिलं नाही की मला कळलंय. कसं लिहायचं? त्यांचं पत्र आलं. बारा मेचं विमान. विम्याचे कागद, बँकेचं पुस्तक, सगळं माझ्या आणि मीराच्या नावावर केलंय. "मी आलो म्हणून तुमची कोणाची अडचण होऊ नये. जास्त दिवस त्रास होणार नाही हे बघेन." त्यांचा स्वभावच असा, कायम दुसऱ्याचा विचार. लवकरच कसला तरी धंदा सुरू करायचा बेत असावा.

१२ मे, गुरुवार

सहार विमानतळ. दुपारी दोन. सासूबाई घरी थांबल्या.

काचेपलीकडून एक हमाल खुर्ची ढकलत येताना दिसला. मांडीवर ब्लँकेट, त्याच्यावर बॅग. हे केवढे लहान झालेत! मला बघून त्यांनी ब्लँकेट ओढून सारखं केलं. मग माझा चेहरा बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं.

"तुला कळलं होतं?"

"मार्चपासून."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुम्ही लिहिलंत?"

मीरा पुढे झाली, हमालाच्या हातातून खुर्ची घेतली आणि म्हणाली, "बाबा, मी ढकलते." एवढंच. टॅक्सी बोरिवलीला आल्यावर हे म्हणाले, "उतार केलास?" मी म्हटलं, केला. पायऱ्यांचं सांगितलं नाही.

सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग खाली बसून, जिथे पाय असायला हवे होते तिथे डोकं टेकलं. आईने मुलाच्या पायाशी डोकं टेकायचं नसतं हे त्यांना कोण सांगणार?

१५ मे, रविवार

सगळं मनासारखं जमलंय. हे सकाळी स्वतः उठतात, पाइप धरून स्वतः आंघोळ करतात, स्वतः चहा करतात. माझी गरज अशी लागतच नाही. मी खाली झोपते म्हटलं तर ऐकायलाच तयार नाहीत. "वर वारा आहे. मी सोय केलीय ना?" सासूबाईंनाही वर पाठवलं.

शेजारपाजारचे बघायला येतात. हे सगळ्यांशी हसून बोलतात. ओठ मिटून.

१९ मे, गुरुवार

हे फार शांत झालेत, मला बरं वाटलं. दिवसभर खिडकीत असतात. खिडकी खाली घेतली ते बरंच केलं. काल मीराला बँकेची स्लिप कशी भरायची ते शिकवलं, तीन वेळा करून घेतलं. माझ्या पगारात घर चालेल का असंही विचारलं. म्हटलं, चालेल की. तर म्हणाले, "झकास."

चंद्रप्रकाशना भरतीच्या वेळा विचारत होते. पहाटेची भरती केवढी असते, पाणी जेट्टीवर कुठपर्यंत येतं. खाडी बघायची इच्छा असेल. म्हटलं, रविवारी मी नेते. म्हणाले, बघू.

२२ मे, रविवार

दुपारचे दोन वाजलेत. आत्ता कुठे लिहायला बसले.

पहाटे पाचला पाणी भरायला उठले. जिना उतरून बघते तर पुढचं दार उघडं. आवाज कसा झाला नाही म्हणून चकित झाले, पण चाकं आपटायला दारात उंबराच नव्हता. पलंगावरची चादर एक सुरकुती न ठेवता ओढलेली. ओट्यावर बँकेचं पुस्तक आणि विम्याचे कागद, वर वजन म्हणून पोळपाट. मला वाटलं मीरासाठी काढून ठेवलंय. खुर्ची कुठेच नव्हती.

अनवाणी धावले. का धावले ते ठाऊक नाही. फिरायला गेलेल्या माणसामागे कोणी असं धावतं का?

जेट्टीवर पेट्रोमॅक्सच्या उजेडात कोळणी माल निवडत होत्या. त्यांच्यामध्ये हे. मांडीवर टोपली, टोपलीत करंदी, बारीक कोलंबी. वाकून एकेक सोलत होते. शर्टाची बाही चिंब, खुर्चीची चाकं निम्म्यापर्यंत खाडीच्या गाळाने माखलेली.

एक थोराड कोळीण कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी होती. मला बघून म्हणाली, "तुझा माणूस काय? मी सुंदराबाई. जेट्टीच्या उतारावरनं पार खाली पाण्यात गेला होता, खुर्ची रुतली. दोघींनी ओढून वर आणला. म्हटलं, बाबा, हात तर धड हायेत ना तुझे? मग बस इथे, करंदी सोल. माझी सून बाळंतीण आहे, हाताखाली कोणी नाही."

मी ह्यांना विचारलं, "एवढं खाली कशाला गेला होतात?"

"बघायला."

"काय बघायला?"

त्यांनी एक करंदी सोलली, तर निम्मं मांस सालाबरोबर गेलं. सुंदराबाई ओरडली, "अरे, गिऱ्हाइकाला काय सालं विकू? डोकं धर, पिळ आणि ओढ. जन्मात मासळी खाल्ली नाहीस काय?"

"खाल्लीय. सोलली नाही," हे म्हणाले.

"मग शीक."

ते हसले. दात दिसले. दोह्याहून आल्यापासून पहिल्यांदा.

टोपली संपेपर्यंत तिने सोडलं नाही. उजाडलं, पाणी उतरायला लागलं. निघताना ती माझ्या दंडाला धरून बाजूला घेऊन गेली आणि एवढंच म्हणाली, "ह्याला पहाटेचं काम लागतंय. दिवसाचं नाही, पहाटेचं. उद्या पाचला पाठव." तिचा हात खूप घट्ट होता.

आमच्या उतारावर खुर्ची चढवताना मला दम लागला. अर्ध्यावर थांबले. हे पुढे बघतच म्हणाले, "सुलू, परत येताना हा चढ एकट्याने जमत नाही."

"नाहीच जमणार. तो तसाच केलाय," मी म्हटलं. खरं म्हणजे जागा नव्हती म्हणून झालाय. पण तसं सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर मी माझं अंथरूण खाली आणलं. म्हणाले, "इथे टाकलंस तर खुर्ची फिरायला जागा उरणार नाही."

"मग फिरू नका," मी म्हटलं.

पुढे सरकून त्यांनी फळीवरचं गजराचं घड्याळ काढलं. "पाचला जायचंय तर किती वाजताचा लावायचा?"

"साडेचार. मीपण येणार आहे."

त्यांनी काटा साडेचारवर आणला, किल्ली दिली, आणि घड्याळ कानाशी धरून चालतंय ना ते बराच वेळ ऐकत बसले.